खोकून दाखवा

“काकू, खोकून दाखवा.”

पडद्यापलीकडून आईच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला कसला, घसा साफ केल्यासारखं काहीतरी.

“तसं नाही. सर्दी झाल्यावर खोकतो ना, तसं. मोठ्यानं.”

मी पडद्याच्या अलीकडे आईची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आई मोठ्यानं का खोकत नाहीये, ते मला त्या क्षणी कळलं. गेली सत्तावीस वर्षं जे होऊ नये म्हणून ती जपत आली होती, नेमकं तेच करून दाखवायला डॉक्टर तिला सांगत होती. तेही टेबलावर आडवं पडून, भरलेल्या ब्लॅडरनं, डोळ्यावर येणाऱ्या दिव्याखाली.

मग ती खरंच खोकली.

“हं, दिसलं,” डॉक्टर म्हणाली. “झालं काकू, उठा.”

दहा सेकंदांचं काम. सत्तावीस हा आकडा मला पक्का माहीत आहे, कारण माझं वयही तेवढंच आहे. माझा जन्म झाल्यापासून आईची लघवी गळते. खोकताना, शिंकताना, पाण्याची बादली उचलताना आणि मोठ्यानं हसताना.

मला हे मागच्या वर्षी कळलं. त्याआधी मला फक्त तिच्या ‘सवयी’ माहीत होत्या. एसटीनं कुठे जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. शिंक येणार असं वाटलं की उभ्या जागी पायावर पाय घट्ट आवळते. लग्नाकार्यात गडद रंगाचीच साडी नेसते. सिंहगडावर चल म्हणून मी तीनदा मागे लागले, ती आली नाही, आणि मी तिला आळशी म्हटलं. मामेबहिणीच्या हळदीला सगळ्या बायका नाचत होत्या आणि ही खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, तेव्हा “तू ना, फार बोअर आहेस” असंही म्हटलं. हे आधीच सांगून टाकते. पुढचा सगळा इतिहास बायकांचं कुणी कसं ऐकलं नाही याचा आहे आणि त्यात मी नव्हते असं मला भासवायचं नाही.

या त्रासाचं नाव ‘स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स’. ते ऐकून आई म्हणाली, “मला कसलं आलंय टेन्शन?” इथला स्ट्रेस मनाचा नाही, पोटातल्या दाबाचा. खोकलो की पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावरही पडतो. मूत्राशयाची मान आणि मूत्रमार्ग यांना खालून स्नायूंचा आणि पेशीजालाचा आधार असतो. बाळंतपणात, वयानं किंवा आणखी कशानं तो सैल पडला, की त्या दाबापुढे मूत्रमार्ग घट्ट मिटून राहत नाही. थेंब बाहेर येतो.

घरी आल्यावर तो खोकला माझ्या डोक्यातून जाईना. ही तपासणी कुणी सुरू केली? आईनं तोंडानं सांगितलं होतं, ते पुरेसं का नव्हतं? म्हणून शोधायला लागले. शोधता शोधता माझ्या हाती लागला तो एका प्रश्नाचा इतिहास: बाईचा हा त्रास खरा कधी मानायचा? तिनं सांगितल्यावर, की डॉक्टरनं पाहिल्यावर?

दिसणारं भोक

सुरुवात अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावात करावी लागते. १८४५ ते १८४९ या काळात जेम्स मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर तिथे गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करत होता. या बायकांचा आजार माझ्या आईपेक्षा वेगळा आणि कितीतरी भयंकर होता. बाळंतपण दिवसेंदिवस अडलं की बाळाचं डोकं एकाच जागी दाबून राहतं, तिथलं मांस मरतं, आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. त्याला फिश्चुला म्हणतात. मग लघवी खोकल्यावर नव्हे, रात्रंदिवस वाहत राहते.

अनार्का, बेट्सी आणि ल्युसी, एवढी तीन नावं आपल्यापर्यंत पोचली आहेत. त्यांना भूल दिली जात नव्हती. एकट्या अनार्कावर सिम्सनं तीस वेळा शस्त्रक्रिया केली. आत नीट दिसावं म्हणून त्यानं आधी चमचा वाकवून वापरला आणि त्यातूनच पुढे ‘सिम्स स्पेक्युलम’ तयार झालं. भोक शिवायला त्यानं चांदीची तार वापरली आणि अखेर त्याला यश आलं. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी उभा होता, तो २०१८ मध्ये हलवला गेला. स्पेक्युलम मात्र आपल्याकडच्या ओपीडीत अजून रोज वापरलं जातं. आईच्या तपासणीच्या ट्रेमध्येही ते होतं.

या सगळ्याची हकिगत आपल्याकडे आहे ती सिम्सच्या लेखणीतून. त्या तिघींनी स्वतः काय सांगितलं, याची नोंद कुठेच नाही. तशी गरज कुणाला वाटली नसावी. भोक डोळ्यांना दिसत होतं, त्याला साक्षीदार लागत नव्हता.

भोक नसलेल्या बायका

अडचण पुढे आली. ज्या बायकांची लघवी फक्त खोकल्या-शिंकल्यावर गळते, त्यांना कुठेच भोक सापडत नाही. तपासायला टेबलावर झोपवलं तर एरवी सगळं ठीकठाक.

१९१४ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे हॉवर्ड केली यांनी एका सहकाऱ्याबरोबर या विषयावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मतलब असा: मूत्राशयाला उघड इजा नसताना स्त्रियांची लघवी गळणे. शीर्षकातच कबुली आहे, की आजाराची ओळख अजून जे सापडत नाही त्यावरून होते आहे.

केलींची आत पाहण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. बाईनं गुडघे आणि छाती टेकवून ओणवं व्हायचं. या अवस्थेत मूत्रमार्गातून नळी घातली की मूत्राशयात आपोआप हवा शिरते आणि ते फुगतं. डॉक्टरच्या कपाळावर आरसा, त्यावरून दिव्याचा उजेड नळीत. या खटाटोपातून केलींना दिसली ती मूत्राशयाची सैल पडलेली, आळसावल्यासारखी उशिरा मिटणारी मान. ती टाके घालून आवळण्याची शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. आजाराला शेवटी दाखवता येईल अशी जागा मिळाली.

दोन बोटं

खोकल्याला महत्त्व आलं ते लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांच्यामुळे. हे मिडलसेक्स हॉस्पिटलचे सर्जन. गाठी झाल्या की सरसकट गर्भाशयच काढून टाकायचं, या तेव्हाच्या रिवाजाविरुद्ध ते आयुष्यभर भांडले. १९२३ मध्ये त्यांनी बायकांच्या ‘दिवसा’ गळणाऱ्या लघवीवर लेख लिहिला. दिवसा, कारण रात्री आडवं पडल्यावर हा त्रास सहसा नसतो. चालताना, ओझं उचलताना, हसताना होतो. हे निरीक्षण साधं आहे आणि ते बायकांना विचारल्याशिवाय करता येत नाही.

बॉनींच्या नावानं रूढ झालेली चाचणी अशी: मूत्राशय भरलेलं असताना बाईला खोकायला सांगायचं. गळलं, तर योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं लावून मूत्राशयाची मान वर उचलून धरायची आणि पुन्हा खोकायला सांगायचं. आता गळलं नाही, तर शस्त्रक्रियेनं गुण येईल. ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ हे नाव १९२८ मध्ये लंडनच्याच अर्डली हॉलंड यांनी दिलं असं मानतात.

पिढ्यान्‌पिढ्यांचे डॉक्टर ही दोन बोटांची चाचणी करत राहिले. १९८३ मध्ये ती मोजमापांच्या यंत्रावर तपासली गेली तेव्हा कळलं, की ती बोटं मान नुसती उचलत नाहीत, मूत्रमार्गच दाबून बंद करतात. बोटानं नळ दाबून धरला तर पाणी थांबणारच. त्यावरून वॉशर बदलून गुण येईल का, हे कसं कळणार? साठ वर्षं ज्या खुणेवर शस्त्रक्रियेचे निर्णय घेतले गेले, ती खूण फारसं काही सांगतच नव्हती. दुसरा खोकला निकालात निघाला. पहिला टिकला. आईनं खोकला तो हाच.

साखळी, काडी आणि काटा

मधल्या काळात डॉक्टरांनी पाहण्याचे आणखी मार्ग काढले. १९५३ मध्ये डेट्रॉइटच्या हॉजकिन्सन यांनी बारीक धातूच्या मण्यांची साखळी मूत्रमार्गातून आत सोडून, बाईला उभं राहून जोर करायला सांगून एक्स-रे काढले. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्यातला कोन किती बदलतो, ते फिल्मवर दिसे. १९७१ मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती आली: कान साफ करायची कापसाची काडी. ती मूत्रमार्गात ठेवायची, बाईनं जोर करायचा, काडीचं टोक किती अंश वर उचललं जातं ते मोजायचं. तीस अंशांपेक्षा जास्त म्हणजे आधार सैल. पण काडी हलली म्हणून लघवी गळतेच असं नाही. ती आधार किती सैल आहे एवढंच सांगते, त्रासाचं निदान करत नाही.

या सगळ्या साधनांत मला एक वेगळं वाटलं. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगल यांनी ‘पेरिनिओमीटर’ आणलं. योनीमार्गात ठेवायचा रबरी फुगा, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला ब्लडप्रेशरच्या यंत्रासारखी तबकडी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले की तबकडीवरचा काटा हलायचा. नुसतं ‘आवळा’ असं तोंडी सांगून अनेकींना नेमका कुठला स्नायू ते कळतच नाही, हे केगलना दिसलं होतं. बाकीची साधनं डॉक्टरला दाखवण्यासाठी होती. हा काटा त्या बाईला स्वतःला दिसत होता. रील्समध्ये ‘केगल’ हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. तो या माणसाच्या आडनावावरून आलाय.

बेभरवशाचा साक्षीदार

मग वायरी आल्या. १९६१ मध्ये स्वीडनच्या योरान एनहॉर्निंग यांनी मूत्राशयातला आणि मूत्रमार्गातला दाब एकाच वेळी मोजून दाखवला. मूत्राशयातला दाब मूत्रमार्गातल्या दाबापेक्षा वाढला की लघवी बाहेर येते. सत्तरच्या दशकात, बॉनींच्याच मिडलसेक्स हॉस्पिटलात, दाबाचे आलेख आणि एक्स-रेची फिल्म एकत्र पाहण्याचं तंत्र पुढे आलं. या सगळ्या चाचण्यांना युरोडायनॅमिक्स म्हणतात. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदमार्गात, हळूहळू पाणी भरायचं आणि मधूनमधून तेच: खोका.

याची खरोखर गरज होती. लघवी गळण्याची कारणं वेगवेगळी असतात. काहींचं मूत्राशय भरण्याआधीच, मनात नसताना स्वतःहून आकुंचन पावतं. घाईची लागते आणि बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते. खोकल्यामुळेसुद्धा असं आकुंचन सुरू होऊ शकतं. फरक वेळेचा असतो. खोकल्याबरोबर उडून लगेच थांबलं तर आधार सैल, काही सेकंदांनी सुरू होऊन वाहत राहिलं तर मूत्राशय चाळवलेलं. पहिल्या प्रकारची शस्त्रक्रिया दुसऱ्या प्रकारच्या बाईवर केली तर गुण येत नाही, उलट त्रास वाढू शकतो. अनेकींना दोन्ही असतं. म्हणूनच या शाखेत एक म्हण रूढ झाली: मूत्राशय हा बेभरवशाचा साक्षीदार असतो.

म्हण मूत्राशयाबद्दल होती. पण बोलत होती ती बाई.

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीनं पुढे या विषयातल्या शब्दांच्या व्याख्या ठरवल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या व्याख्येनुसार लघवी नकळत गळणं हा आजार ठरायला दोन अटी होत्या. त्याची सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण झाली पाहिजे आणि तो वस्तुनिष्ठपणे दाखवता आला पाहिजे. यंत्रावर सिद्ध झालेल्या प्रकाराचं नाव होतं ‘जेन्युइन स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’. जेन्युइन, म्हणजे अस्सल. अस्सल म्हटलं की बाकीच्या बायकांचं काय, हा प्रश्न आपोआप उरतो.

दाखवण्याची ही अट किती टोकाला गेली, ते पॅड टेस्टवरून कळतं. वजन केलेलं पॅड लावायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, आणि एका तासात ठरलेल्या गोष्टी करायच्या: चालायचं, जिना चढायचा, दहा वेळा बसून उठायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, एक मिनिट जागच्या जागी धावायचं, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची, एक मिनिट वाहत्या पाण्यात हात धुवायचे. मग पॅडचं पुन्हा वजन. मी ही यादी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “म्हणजे सकाळी सहा ते सात.”

तक्रार

२००२ मध्ये त्याच सोसायटीनं व्याख्या बदलली. नव्या व्याख्येचा पहिलाच महत्त्वाचा शब्द ‘तक्रार’ आहे. लघवी नकळत गळत असल्याची तक्रार म्हणजे इन्कॉन्टिनन्स. श्रम करताना, खोकताना, शिंकताना गळत असल्याची तक्रार म्हणजे स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स. डॉक्टरला तपासणीत जे दिसतं त्याला वेगळं नाव, यंत्रावर जे सापडतं त्याला आणखी वेगळं. ‘जेन्युइन’ हा शब्द बाद झाला. चाचण्या राहिल्या. पण दुखणं आहे की नाही, हे ठरवायला बाईचं सांगणं पुरे मानलं गेलं. अनार्कापासून मोजलं तर यायला दीडशे वर्षांहून जास्त लागली.

दहा वर्षांनी वायरींचाही हिशेब झाला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६३० बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना साधा, गुंतागुंत नसलेला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स होता. त्यांच्या शस्त्रक्रिया व्हायच्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची आधी युरोडायनॅमिक्स झाली. दुसऱ्या गटाची फक्त साधी तपासणी: नीट विचारपूस, लघवीची तपासणी, लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते पाहणं आणि खोकला. वर्षभरानं पहिल्या गटात ७६.९ टक्के बायकांना गुण आला होता, दुसऱ्यात ७७.२ टक्के. गुंतागुंतीच्या केसमध्ये आजही ही चाचणी लागते. पण साध्या केसमध्ये बाईला विचारणं आणि खोकायला सांगणं यापेक्षा यंत्रानं जास्त काही दिलं नाही.

व्याख्या बदलली म्हणून कान बदलतात असं मात्र नाही. १९९६ पासून मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची नवी शस्त्रक्रिया जगभर पसरली. अनेकींना तिचा फायदा झाला. काहींना मात्र वर्षानुवर्षं वेदना सुरू झाल्या. त्या सांगायला गेलेल्या बायकांना ‘वयाचं आहे’, ‘मनाचं आहे’ असं ऐकवलं गेलं. ब्रिटनमध्ये २०१८ साली या शस्त्रक्रियेला स्थगिती द्यावी लागली आणि २०२० च्या सरकारी चौकशी अहवालानं स्पष्ट म्हटलं, की या बायकांचं ऐकलं गेलं नाही.

सांगायचं कुणाला

आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं, त्यात त्यांनी सांगितलं होतं, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. त्यानंतर आपल्याकडे कितीतरी बायका डॉक्टर झाल्या. माझ्या आईला तपासणारीही बाईच होती. तरी सत्तावीस वर्षं गेली.

मी आईला विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. “सांगितलं होतं की. तू तीन महिन्यांची होतीस. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर असं व्हायचंच. मग तुझ्या आजीला सांगितलं. ती म्हणाली, मलाही होतं.” दोघांनी मिळून तिला एकच गोष्ट सांगितली होती: ही तक्रार नाही. तिनं ती पुन्हा केली नाही.

त्या दिवशी डॉक्टरनं आईला एक काम दिलं होतं. तीन दिवस ब्लॅडर डायरी लिहायची. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलात, मापानं किती झाली, कधी गळली आणि तेव्हा काय करत होता. आईनं जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला पट्टीनं रकाने आखले. शाळेत हजेरीपट भरायची तशा अक्षरात सगळं लिहिलं. त्यावरून आणि त्या एका खोकल्यावरून निदान झालं. आता फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकतेय. निदान तीन महिने नेमानं करायचा आहे, मग पुढचं बघू असं ठरलंय. सहा आठवडे झालेत. बादली उचलताना फरक पडलाय म्हणते, शिंकेचं अजून सांगता येत नाही.

ती पानं माझ्याकडे आहेत. शेवटच्या रकान्यात ‘कणीक मळताना’, ‘जिना उतरताना’, ‘शिंक’, ‘शिंक’ असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी रात्री ९.१० ची एक नोंद आहे. त्या रात्री बाबा जेवताना कसलातरी जुना किस्सा सांगत होते आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा काय करत होता, या रकान्यात आईनं लिहिलंय: ‘हसत होते. थांबवलं नाही.’